पुढे पुढे लागणारे दिवे

“भिंत आहे पोरगी. बोलत नाही, भांडत नाही. रात्रीच्या पाळीला हिलाच बसवू.”

रिन्सीनं हे ऐकलं ते स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर, सोललेल्या कप्प्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, कंदांची टोपली हातात घेऊन. आत चुलीपाशी सासू होती आणि बोलत होती ती आपल्या मुलाशी, म्हणजे रिन्सीच्या नवऱ्याशी. जोबिन काय म्हणतो ते ऐकायला रिन्सी जरा थांबली. जोबिननं विचारलं, “चटणीत मीठ घातलंस का?”

मग ती चपला वाजवत आत गेली आणि टोपली खाली ठेवली. सासूनं टोपलीकडं बघितलं, कंद छान सोललेत म्हणाली.

लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. नाताळ झाला की जोबिन दोह्याला परत जाणार होता. रिन्सी नर्सिंग शिकलेली, आणि सासूचा वृद्धाश्रम घराच्या खालच्या अंगाला, रबराच्या झाडांपलीकडं. बाकी सगळं ठरल्यातच जमा होतं. फक्त ते ठरलं तेव्हा तिला कुणी बोलावलं नव्हतं. काल रात्री तर तिला तिथल्या नर्सबरोबर, बिंदूसिस्टरबरोबर, बसवलंही होतं, “सहज, ओळख व्हावी म्हणून.” त्याच रात्री तिथले कुरियन सार वारले. काल रात्री तिथं आणखीही काही झालं होतं. पण सकाळी सासूनं विचारलं ते एवढंच, “झोप लागली का?” रिन्सी हो म्हणाली होती.

आज तेवीस डिसेंबर. जेवणं व्हायच्या आतच वीज गेली आणि घरातली सगळी पडवीत येऊन बसली. घर टेकाडावर. पडवीतून खाली पाहिलं की वृद्धाश्रम पूर्ण दिसायचा. मधे उघडं अंगण, त्याभोवती बांगडीसारखा गोल व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या बाहेरच्या अंगाला खोल्या. तिथं इन्व्हर्टर होता, त्यामुळं अंधारात तेवढी बांगडी अधूनमधून उजळताना दिसत होती. व्हरांड्यातले दिवे आपोआप लागायचे. खालून माणूस गेला की दिवा लागायचा, माणूस पुढं गेला की विझायचा. रात्री उठणारं म्हातारं माणूस ठेचकाळू नये म्हणून ती सोय.

“अजून कुणीतरी फिरतंय,” नणंद अंजु म्हणाली. ती कोइंबतूरहून सुट्टीला आली होती. खाली एक दिवा लागला होता.

“मत्तायी असेल. त्याला कॉफी दिली की असंच करतो,” सासू म्हणाली.

कुंजूंजु पेरप्पन, म्हणजे जोबिनचे थोरले काका, आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. नाताळच्या आधीचा पंचवीस दिवसांचा उपास संपत आला होता आणि त्यांचा संयम त्याच्याही आधी संपला होता.

“कप्पा आणि चटणी. काल चटणी आणि कप्पा. आलेयम्मे, परवा ताटात मासा दिसला नाही ना, तर मी तुझ्या त्या चाकात नाव घालून घेईन.”

“चाक म्हणू नका, अच्चाया.”

“गोल आहे, माणसं फिरतात, कुठं पोचत नाहीत. मग काय म्हणू? तुझ्या भावानं मेलबर्नहून नकाशा पाठवला तेव्हाच मी म्हटलं होतं, बाई, एखादा कोपरा तरी ठेव.”

सासूनं कॉफीचा पेला दाणकन ठेवला. “कोपरे होते आधीच्या इमारतीत. सरळ बोळ आणि टोकाला भिंत. भिंतीपाशी पोचली की ही माणसं तिथंच उभी राहायची. वळायचं असतं हेच आठवायचं नाही. रडायची, डोकं आपटायची. मग गोळी द्या आणि बांधून निजवा. आता टोकच नाही. चालतात, दमतात, झोपतात. अर्ध्या गोळ्या बंद झाल्या माझ्या. डॉक्टर येऊन बघून गेले.”

हे खरं होतं, आणि रिन्सीनं ते काल स्वतः पाहिलं होतं. प्रत्येकाच्या खोलीच्या दारावर त्याच्या जुन्या घराच्या दाराचा मोठा फोटो चिकटवलेला. कुणाचं हिरवं, कुणाचं पितळी कड्यांचं. आपलं दार ओळखून माणूस बरोबर आपल्या खोलीत जायचा. बाहेर जायचं पुढचं दार उघडंच, पण त्याच्या अलीकडं काळ्या फरशीचा रुंद पट्टा. विसर पडलेल्या डोळ्यांना तो खड्डा वाटतो. माणूस तिथवर येतो, थांबतो आणि मागं फिरतो. कुलूप नको, आरडाओरडा नको. आणि मागचं दार तर दिसायचंच नाही. त्यावर पुस्तकांचं कपाट रंगवलं होतं, इतकं हुबेहूब की रिन्सीनंही एक पुस्तक काढायला हात नेला होता. आतून कडी नाही, मूठ नाही. वर, म्हाताऱ्यांचा हात पोचणार नाही अशा जागी, एक खटका.

“आणि मेलेली माणसं त्या कपाटातून बाहेर,” पेरप्पन म्हणाले.

“मग काय बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत नेऊ? एक गेला की चौघं जेवणं सोडतात.”

“आपल्याकडं माणूस पुढच्या दारानं जातो, आलेयम्मे. उंबऱ्याशी पेटी थांबते, चर्चमधले अच्चन प्रार्थना म्हणतात, गेलेला घराचा निरोप घेतो. मग बाहेर. ह्यांची घरं तर विकून झालेली. निरोप कुणाचा घ्यायचा? कपाटाचा?”

“अंजु, पेरप्पनना अजून कप्पा वाढ. तोंड भरलेलं राहू दे.”

अंजु हसली. पेरप्पन हसले नाहीत. त्यांनी पेल्यातली कॉफी संपवली, पेला खुर्चीखाली सरकवला.

“पाप्पी आठवतो? अँब्युलन्सवाला?”

“गाडी विकली ना त्यानं?” जोबिननं विचारलं.

“विकली. आता पहाटे रबराचा चीक काढतो दुसऱ्याच्या झाडांचा. चांगली चालणारी गाडी, आत बर्फपेटी, ज्यांची पोरं परदेशात अशी सगळी घरं त्याची गिऱ्हाइकं. का विकली ते विचारलंस कधी?”

“कर्ज असेल.”

“कर्ज नव्हतं.”

 पेरप्पननी आवाज खाली आणला, सांगायचं असलं की आणायचे तसा.

“खाली राहायची ती शोशाम्मा टीचर वारली त्या रात्रीची गोष्ट आहे. तीन वर्षं झाली. अशीच नाताळच्या आधीची रात्र, नाताळची कॅरल गाणारी पोरं ढोल घेऊन घरोघर फिरत होती. पाप्पीला इथून फोन गेला. नेहमीचं काम. तो आला, मागं गाडी लावली, बिंदूनं आतून खटका दाबून कपाट उघडलं. दोघांनी टीचरला बाहेर आणलं, पेटीत ठेवलं, पेटी बंद, गाडीला कुलूप. चार महिने अंथरुणाला खिळलेली बाई. वजन ते काय! पाप्पी म्हणाला, ओल्या कपड्यांची बादली जड लागली असती.

“तेवढ्यात टीचरच्या मुलाचा शारजाहून फोन. आईचा चष्मा बरोबर द्या. फोटो काढायचेत, चष्म्याशिवाय ती ओळखू येत नाही. पाप्पी म्हणाला, आणतो.

“चपला काढून आत गेला, मागं कपाट आपोआप लागलं. व्हरांड्याची लाल फरशी, नाताळचं म्हणून त्याच दुपारी पॉलिश केलेली. अजून ओलसर. पायाला चिकटत होती. ढोलाच्या आवाजानं कुणीतरी जागं होऊन रडायला लागलं होतं, म्हणून बिंदू तिकडं गेलेली. पाप्पी एकटाच. पण घाबरायचं काय त्यात? रोज मेलेल्यांबरोबर झोपणारा माणूस. तो चालला की दिवा लागायचा, पुढं गेला की मागचा विझायचा. टीचरची खोली त्याला ठाऊक होती. दारावर निळ्या दाराचा फोटो. आत गेला, उशीखालचा चष्मा घेतला, खिशात टाकला, बाहेर आला.

“आणि त्याला दिसलं, पुढं वळणावर एक दिवा लागलाय.”

“बिंदू चेची असेल,” अंजु म्हणाली.

“त्यालाही तेच वाटलं. त्यानं हाक मारली, बिंदू, कपाट उघडून दे गं. उत्तर नाही. दिवा विझला, त्याच्या पुढचा लागला. बिंदू पुढं चाललीय म्हणून हा मागं चालला. तो दिवा विझला, पुढचा लागला. अंतर तेवढंच. हा भराभर चालला, तर दिवे भराभर लागायला लागले. वळणापलीकडं कोण आहे ते दिसेना. गोलच ना सगळं. वळण संपतच नाही.

“मग डाव्या हाताला निळं दार आलं.

“म्हणजे पूर्ण फेरी झाली होती. आणि कपाट लागलंच नव्हतं.”

खाली एक दिवा विझला आणि दुसरा लागला. रिन्सीनं पाहिलं. बाकी सगळ्यांचं लक्ष पेरप्पनांकडं होतं.

“दुसऱ्या फेरीला तो भिंत चाचपत गेला. कपाट सापडलं. रंगवलेली पुस्तकं. हात फिरवला. मूठ नाही. फट नाही. दाबलं, ढकललं. भिंतच. बाहेरून आलेला माणूस तो, वरचा खटका त्याला कुणी दाखवलाच नव्हता. पाप्पी मला म्हणाला, कुंजूंजुच्चाया, मी चांगल्या डोक्याचा माणूस, पाच मिनिटांपूर्वी त्याच दारातून आत आलो होतो, आणि त्या क्षणाला मी शपथेवर सांगितलं असतं की तिथं दार नव्हतंच कधी.

“तो उभा राहिला. हलला नाही. म्हणून डोक्यावरचा दिवा विझला.

“अंधार.

“पुढचा तो एक दिवा मात्र होता. तो निघाला. लांब गेला. अंगणापलीकडून दिसत होता... एक विझला, एक लागला. एक विझला, एक लागला. सावकाश. म्हातारं माणूस चालतं तसं.

“अर्धी फेरी झाली.

“मग पाप्पीच्या लक्षात आलं. गोल आहे. पुढं गेलेलं... मागून येणार.”

जोबिनचा हलणारा पाय थांबला.

“मागं वळणावर दिवा लागला. मग अलीकडचा. त्याच्या अलीकडचा. फरशीवर आवाज... चिकट फरशीवरून तळवा उचलला की येतो ना, तसा. चप्. ... चप्.

“पाप्पी भिंतीला चिकटला.

“शेजारचा दिवा लागला.

“मग डोक्यावरचा.

“खाली कुणी नाही.

“आणि दिवा विझेना. पाप्पी हलत नव्हता. श्वाससुद्धा नाही. तरी विझेना...

“मग त्याच्या बाहीला कुणीतरी धरलं. दोन बोटांनी. रस्ता ओलांडताना पोरं धरतात तसं. आणि कोपराच्या उंचीवरून, पोराला हाक मारावी तसा, आवाज आला.

“मोने... दार कुठंय रे?”

पेरप्पन थांबले.

खाली गावात कुठंतरी ढोल वाजला. कॅरलची पोरं नदीकडून वर येत असावीत.

“काय म्हणाला तो?” अंजुनं विचारलं. 

“काही नाही. काय म्हणणार? त्यालाच कुठं ठाऊक होतं.” पेरप्पननी घसा साफ केला. “बिंदू परत आली तेव्हा तो कपाटाला कपाळ टेकून उभा होता. तिनं वर हात करून खटका दाबला. तो बाहेर गेला, गाडी चालवत इस्पितळाच्या शवागारात पोचला. मुलगा आला तेव्हा पेटी उघडली. चष्मा घालायला हा वाकला. पायावरची चादर सरकली होती, ती नीट करायला गेला.

“टीचरचे तळवे लाल होते. ओलं पॉलिश. बोटांच्या मधेसुद्धा.

“चार महिने त्या बाईनं जमिनीला पाय लावला नव्हता.”

 सासू घाईघाईनं उठली आणि पेले गोळा करायला लागली.

“झालं? पोरीला उद्यापासून तिथं बसायचंय, आणि तुम्ही हे सांगत बसा. कुणीतरी झोपवताना पाय पुसले नसतील. पाप्पी पितो, सगळ्या गावाला माहीत आहे.”

“तेव्हा पीत नव्हता,” पेरप्पन म्हणाले.

“अम्मच्ची,” अंजु म्हणाली. “मत्तायी अजून फिरतोय.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. बांगडीवर एक दिवा सरकत होता. एक विझला, एक लागला. सावकाश. तो पुढच्या दाराच्या बाजूला आला, काळ्या पट्ट्यापाशी. थांबला. बराच वेळ तिथंच राहिला. मग आला त्याच वाटेनं मागं फिरला.

सासूनं पेले खाली ठेवले आणि बिंदूला फोन लावला. रात्र इतकी शांत होती की पलीकडचं सगळं पडवीत ऐकू येत होतं.

“मत्तायीला झोपव गं. काय चाललंय त्याचं?”

“मत्तायीच्चायन झोपलेत, अम्मच्ची.” बिंदू कुजबुजत होती. “सगळे झोपलेत. मी आठ वाजता प्रत्येक खोलीत बघून आले, आत्ता परत बघितलं. बाहेर कुणी नाही. मी... माझ्या खोलीत आहे. कडी लावून घेतलीय. तुम्हालाच फोन करणार होते.”

“उंदीर असेल. मांजर.”

“हो अम्मच्ची,” बिंदू म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही. सासूनंही ठेवला नाही.

“दोन आहेत,” अंजु म्हणाली.

दोन होते. एक इकडच्या बाजूला, एक अंगणापलीकडं. दोन्ही सरकत होते. मधलं अंतर तेवढंच, कमी होत नव्हतं, वाढत नव्हतं. जोबिन उठून कठड्यापाशी गेला आणि परत येऊन आईच्या बाजूला उभा राहिला. “वायरिंगचं काहीतरी असेल,” तो म्हणाला. पेरप्पननी क्रूसाची खूण केली. 

रिन्सीला काल रात्र आठवत होती. कुरियन सार तिला संध्याकाळपासून सात-आठ वेळा भेटले होते, दर फेरीला एकदा. तेच वाक्य घेऊन. मोळे, पोरी, दार कुठंय? जाण्याआधी सगळ्यांना सांगून निघायचंय. हेडमास्तर राहिलेला माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आणि शिकवल्याप्रमाणं ती दर वेळी म्हणाली होती, चहा घेऊन मग जा ना, सार. ते बरं म्हणायचे. पहाटे झोपेतच गेले. त्यांना कपाटातून बाहेर काढताना वरचा खटका तिनंच दाबून धरला होता. पलीकडं गाडी सुरू झाली, तिनं कपाट लावलं, आणि वळून ती व्हरांड्यातून बिंदूच्या खोलीकडं निघाली.

तेव्हा पुढच्या वळणावर दिवा लागला होता. ती थांबली तेव्हा तोही थांबला. काळ्या पट्ट्यापाशी, पुढच्या दारासमोर.

त्यांची मुलगी टोरांटोहून सव्वीसला येणार होती. तोवर सार शवागारात होते, गावातल्याच. अर्ध्या तासाच्या वाटेवर.

ढोल आता टेकडीच्या पायथ्याशी आला होता. पोरं आधी खाली वृद्धाश्रमापाशी थांबणार, मग वर येणार, दर वर्षीसारखी. पहिला ठोका पडला तसे दोन्ही दिवे थांबले. मग दोन्ही, दोन बाजूंनी, पुढच्या दाराकडं यायला लागले. पट्ट्याशी पोचले. थांबले.

“मोळे,” पेरप्पन हळूच म्हणाले, “तू आत जा.”

रिन्सी उठली. सगळ्यांना वाटलं ती आत चाललीय. सासूनं वाट द्यायला पाय बाजूला घेतले. पण ती सासूसमोर येऊन थांबली, आणि तिचा आवाज पडवीतल्या सगळ्यांनी बहुधा पहिल्यांदाच पूर्ण ऐकला.

“रात्रीची पाळी मी करीन, अम्मच्ची. पण उद्या सकाळी कुरियन सारांना परत खाली आश्रमात आणायचं. अच्चनना बोलवायचं, सगळ्यांना बाहेर बसवायचं, टीचरचा फोटो असेल तर तोही ठेवायचा, आणि पुढच्या दारानं न्यायचं. आणि आधी त्या काळ्या पट्ट्यावर पांढरी चादर अंथरायची. नाहीतर दोघं उंबऱ्यापर्यंत येतील, आणि मागं फिरतील.”